‘मामा तलाव’मधला मामा कोण?

प्रश्न अमरावतीच्या एका वाचकाचा आहे. गोंदियाच्या बातमीत ‘मामा तलावाची पाळ फुटली’ असं वाचलं. हे मामा कोण, आणि त्याच बातमीत आलेली ‘बोडी’ म्हणजे काय?

मामा कुणाचेच नाहीत. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरं घेऊन झालेला हा शब्द, आणि त्याचं जन्मस्थान सरकारी फाइल. पाटबंधारे खात्याला अशी हौस पहिल्यापासूनच आहे. ‘लघु पाटबंधारे’चं ‘लपा’ झालं, बंधाऱ्यांच्या ‘कोल्हापूर पद्धती’चं ‘को.प.’ झालं. फरक इतकाच की ‘लपा’ कागदावरच राहिलं आणि ‘मा.मा.’मधली टिंबं गळून नात्यातला शब्द तयार झाला, म्हणून तो बातमीत, भाषणात आणि पाटीवर सहज रुळला.

‘मालगुजारी’ अमरावतीकराला अनोळखी वाटणं साहजिक आहे. वऱ्हाड, म्हणजे अमरावतीकडचा भाग, निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घ्यायची पद्धत, लागू झाली. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य मात्र १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि पुढच्या जमाबंदीत (सारा ठरवण्याच्या कामात) गावाचा सारा गोळा करणाऱ्याला गावाचा मालकच ठरवलं गेलं. तो मालगुजार. फारसीतून आलेल्या ‘माल’चा इथे अर्थ सरकारी सारा, आणि ‘गुजार’ म्हणजे भरणारा, रुजू करणारा. ‘शुक्रगुजार’मध्ये तोच आहे. आपल्या जुन्या दप्तरी मराठीत ‘अर्ज गुदरणे’ (सादर करणे) होतं, तेही याच घरातलं. म्हणजे विदर्भ म्हणून आपण जो एक प्रदेश धरतो, त्याच्या दोन भागांत जमिनीचा शब्दसंग्रहच वेगळा आहे.

आता खरी गंमत. नाव मालगुजारी असलं तरी यातले कित्येक तलाव मालगुजारीच्या फार आधीचे. गोंड राजांच्या काळापासून ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. या गावाच्या नावातला ‘बांध’ही बघण्यासारखा आहे. पश्चिम महाराष्ट्रात बांध म्हटलं की शेताची हद्द आणि भाऊबंदकी डोळ्यांपुढे येते; नवेगाव बांध, शिरेगाव बांध या नावांत तो पाणी अडवणारा आहे. शेताच्या बांधाला तिकडे ‘धुरा’ म्हणतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. खाली कठीण खडक आणि वर लहान टेकड्यांची उतरती जमीन असल्याने पाणी अडवायला उतारावर एक पाळ घातली तरी पुरतं. पाऊस तसा भरपूर, पण भरवशाचा नाही. पऱ्हे (भाताची रोपं) टाकून रोवणी (लावणी) झाली, धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यात, उभं राहिलं, आणि नेमकं दाणा भरायच्या वेळी आभाळ कोरडं पडलं, तर तलावाचं एक पाणी पीक वाचवतं. ज्याला ते मिळत नाही त्याची शेती ‘वरथेंबी’. (हा शब्द मला ‘कोरडवाहू’पेक्षा कितीतरी आवडतो. कोरडवाहू म्हणजे काय नाही ते सांगतो, वरथेंबी म्हणजे कशावर जगायचं ते.)

‘माजी’ कशामुळे लागलं? भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तिथला मालकी हक्क रद्द करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, मालगुजारी संपली आणि गावकऱ्यांच्या ओलिताचे तलाव सरकारकडे गेले. जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गोंदिया त्यातून १९९९ मध्ये वेगळा झाला. राज्यं बदलली, विशेषण तसंच राहिलं. व्याकरणाच्या नजरेने ते चुकीच्या जागी बसलंय. माजी आमदार म्हणजे आता आमदार नसलेला. माजी मालगुजारी तलाव मात्र आजही तलावच आहे. माजी झाले ते मालगुजार. ‘माजी मालगुजारांचा तलाव’ हे नेमकं झालं असतं, पण आता दुरुस्त करायला कोण बसलंय? लिहिताना एकदा पूर्ण नाव द्यावं, मग खुशाल ‘मामा’ म्हणावं. गावातल्या माणसाला दोन्हींची गरज पडत नाही. तो नुसतं ‘तलाव’ म्हणतो, किंवा त्याच्या नावानं ओळखतो.

राहिली बोडी. ती तलावाची लहान आवृत्ती. बहुधा खासगी, एकाच्या किंवा भावाभावांच्या शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून केलेली, दोन-चार बांध्यांना पाणी देणारी. तिला शेततळं म्हणू नका. शेततळं खणतात, बोडी उतारावरचं पाणी अडवून होते.