कॅमेरा खाली का ठेवत नाहीत?

प्रिय मुली,

‘होस्ट’ तुला आवडला. मग मित्र म्हणाले, “हा कसला सिनेमा, झूम कॉल तर आहे,” आणि तू गप्प बसलीस. आता मला विचारतेस, हा खरंच चांगला आहे की नुसती करामत? अगं, आवडायला माझी परवानगी कशाला? पण का आवडला ते नेमकं सांगता यायला हवं, आणि तू लिहून पाठवलेल्या तीन पानांत ते कुठेही नाही. ‘वातावरणनिर्मिती प्रभावी’ म्हणजे काय?

फाउंड फुटेजला, म्हणजे पात्रांनीच चित्रित केलंय असं भासवणाऱ्या सिनेमाला, आधी एकच प्रश्न विचारायचा: जिवावर बेतलं तरी ही माणसं कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? 1999 च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये जंगलात वाट चुकलेल्यांपैकी जोश सतत चित्रण करणाऱ्या हीदरला तोंडावर सांगतो की कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरचं जग तितकंसं खरं वाटत नाही. म्हणून ती कॅमेरा सोडत नाही. पुढच्या ढीगभर सिनेमांनी थरथरता कॅमेरा तेवढा उचलला, कारण जंगलातच राहिलं.

आता 2020 चा ‘होस्ट’ बघ. मैत्रिणी झूम कॉलवर आत्म्याला बोलावतात आणि काहीतरी खरंच येतं. ब्रिटनमधला लॉकडाऊन. दिग्दर्शक रॉब सॅव्हेज एकीकडे, कलाकार आपापल्या घरी, कॅमेरा आणि दिवेही तेच लावतायत. लोक याचंच कौतुक करतात. मी नाही करत. अडचणीत काम केलं म्हणून गुण वाढवून द्यायचे नसतात. मला पटतं ते असं, की कॉल बंद केला तर या मैत्रिणी घरात एकट्या उरतात. लॅपटॉप हीच त्यांची सोबत. मग का ठेवतील खाली?

कॅरोलाइनने गंमत म्हणून स्वतःचाच व्हिडिओ पार्श्वभूमीला लावलेला असतो: ती खोलीत येते, पुन्हा येते. आपण हसतो. नंतर तोच व्हिडिओ शांतपणे चालू राहतो आणि त्याच्या पुढे तिचं रक्ताळलेलं तोंड पडद्यावर आदळतं. एमा जमिनीवर पीठ टाकते, त्यावर पावलं उमटतात. चेहऱ्याचा फिल्टर अशा ठिकाणी जाऊन चिकटतो जिथे कुणीच नाही. फुकटच्या झूमच्या ज्या वेळमर्यादेवर आपण सगळेच वैतागलो होतो, तीच इथे उरलेला वेळ मोजते. एकही युक्ती बाहेरून आणलेली नाही.

आणि जेमा धावत हेलीच्या घरी पोचते तेव्हा? मिठी नाही. दोघी कोपराला कोपर लावतात! या एका क्षणासाठी मी शेवटची ती स्वस्त दचकवणूकही माफ केली.

फिल्म सोसायटीत मला हेकट म्हणतात. म्हणोत. भयपटांवरचा माझा लेख एका साप्ताहिकाने ‘गंभीर वाचकांसाठी नाही’ म्हणून परत केला होता. तो दुसरीकडे पाठवला नाही याची चुटपुट अजून आहे. त्यातलं एक वाक्यही बदललं नाही याची मुळीच नाही. भीती कशी घडवली हे तपासणं गंभीर नसेल तर मग गंभीर काय, आजारी कवीवरचा संथ चित्रपट? असो, तो राग तुझ्यावर कशाला.

पुन्हा बघ, तासाभराचाही नाहीये. या वेळी आवाज बंद कर. प्रत्येक चौकटीपुढे लिही: कॅमेरा कुणाच्या हातात, आणि का. उत्तर सापडत नसेल तिथे सिनेमाला धारेवर धर, माझी भीड नको. रविवारपर्यंत पाठव. ‘थरारक’ हा शब्द दिसला तर न वाचता परत करेन.

तुझा,
काका