वाचकांचे प्रश्न : ई-बाइक आणि पंचवीसची मर्यादा

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. इंदिरानगरहून कॉलेज रोडला शिकवणीसाठी जाता यावे म्हणून आम्ही त्याला बॅटरीवर चालणारी सायकल घेऊन दिली. ‘लायसन्स, पासिंग काही लागत नाही’ असे दुकानदाराने सांगितले होते. आता मुलाने एका मेकॅनिककडून तिची वेगाची ‘लिमिट काढून’ आणली असून ती ताशी पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत पळते. सायकल तीच आहे, मग नियम कसा बदलेल, असे त्याचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? तशी गरज पडली तर आम्ही पासिंग करून घेऊ.
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाची शंका रास्त आहे, परंतु ज्या दिवशी लिमिट काढली त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ती सायकल राहिली नाही. आज आपल्या दारात उभी आहे ती नोंदणी आणि विमा नसलेली मोटारसायकल आहे, आणि ती परवाना नसलेला मुलगा चालवत आहे.

दुकानदाराचे सांगणे विक्रीच्या दिवशी खरे असू शकेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) नुसार बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीला ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून सूट मिळते. मात्र त्यासाठी मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असावे लागते, योग्य ब्रेक तसेच पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा लागतो, आणि या साऱ्याची पडताळणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. तीस मिनिटांची शक्ती म्हणजे मोटर अर्धा तास सलग देऊ शकेल ती शक्ती. चढावर काही क्षण मिळणारा जोर त्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे जाहिरातीतला मोठा आकडा पाहून गोंधळू नये. ही सूट चाचणी झालेल्या मॉडेलला मिळते. कंट्रोलरमधली (मोटरला वीज सोडणाऱ्या यंत्रातली) वेग रोखणारी वायर तोडली, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आकडा बदलला किंवा वेग मोजणाऱ्या सेन्सरला फसवणारी चिप बसवली, की चाचणी झालेले वाहन वेगळे आणि रस्त्यावरचे वाहन वेगळे ठरते.

परिणाम किरकोळ नाहीत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड पाच हजार रुपये आहे. नोंदणी नसल्याचा आणि विमा नसल्याचा दंड वेगळा. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यामुळे कलम १९९-ए लागू होऊ शकते, आणि त्यात पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. मला याहूनही गंभीर वाटते ती विम्याची बाब, कारण त्या वाहनाने रस्त्यावरच्या एखाद्या वृद्धाला धडक दिली आणि अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने भरपाई ठरवली, तर ती रक्कम भरायला विमा कंपनी नसते. ती आपल्या घरातून जाते. पासिंगचा मार्गही मोकळा नाही. पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात नोंदणी होते ती त्या गतीसाठी मान्यता मिळालेल्या मॉडेलची. मेकॅनिकने बदललेल्या सुट्या सायकलीला अशी मान्यता नसते.

आता वेगाविषयी. मुलाला दंडाचे आकडे सांगण्यापेक्षा हा भाग त्याच्यासोबत कागदावर मांडावा, असा माझा आग्रह आहे. समोर काही आडवे आल्यावर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरू आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने सायकलचा वेग दर सेकंदाला चार मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे मानू. ताशी १५ किलोमीटरला थांबण्यासाठी सुमारे साडेआठ मीटर लागतात, २५ ला सोळा ते सतरा मीटर, आणि ४५ ला जवळजवळ अडतीस मीटर. त्यातले पावणेएकोणीस मीटर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असतात. मुंबई नाक्याच्या गर्दीत अडतीस मीटर मोकळा रस्ता कितीदा मिळतो, हे आपण दोघांनी मिळून पाहावे. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून २५ वरून ४५ वर गेल्यास ती तिपटीहून अधिक होते. २५ च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे अडीच मीटरवरून पडणे. ४५ ला हीच उंची आठ मीटर, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीइतकी होते.

त्या सायकलीचे ब्रेक, पुढचा फोर्क, रिम आणि टायर हे सारे २५ चा वेग गृहीत धरून निवडलेले असतात. मेकॅनिकने मोटर मोकळी केली, पण ब्रेक पहिलेच ठेवले. कंट्रोलर जास्त प्रवाह ओढू लागला तर वायरी, जोड आणि बॅटरीचे सेल ठरल्यापेक्षा अधिक तापतात, आणि ती तापलेली बॅटरी घरात आणून लगेच चार्जिंगला लावली जाते. पावसाळ्यात गंगापूर रोडवर पाणी साचले की खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळते. पंधराच्या वेगाने तिथे हात झिणझिणतात, पंचेचाळीसला स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

सर्वात कमी बोलली जाणारी गोष्ट माझ्या मते समोरच्या माणसाच्या अंदाजाची आहे. रस्ता ओलांडणारी बाई उजवीकडे पाहते, तिला सायकल दिसते आणि ‘सायकल आहे, वेळ आहे’ असे मनाशी ठरवून ती पाऊल टाकते. तिची यात काही चूक नसते, कारण आयुष्यभर पाहिलेल्या सायकलींवरून तिने तो अंदाज बांधलेला असतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे तिला सावध करणारेही काही नसते. युरोपमध्ये ४५ पर्यंत धावणाऱ्या ई-बाइकला मोपेडच्या वर्गात घालतात, आणि नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून तिला नंबर प्लेट आणि हेल्मेट बंधनकारक आहे. मला त्यामागे हाही विचार दिसतो.

सायकल मूळ स्थितीत आणावी, आणि ती अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घेईपर्यंत मुलाला सिटी बसने पाठवावे.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात जाण्यासाठी मी ई-बाइक वापरते. पेडल न मारता नुसती मूठ पिळूनही ती चालते. हे बेकायदा आहे का? आणि हेल्मेट सक्तीचे आहे का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आपल्याकडे मूठ पिळून चालणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, शक्ती आणि वेग वर सांगितलेल्या मर्यादेत असतील आणि मॉडेलला चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर आपली गाडी सवलतीत बसते. ते प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून त्याची प्रत गाडीसोबत ठेवावी, म्हणजे चौकात अडवल्यास वाद वाढत नाही. सवलतीतल्या वाहनाला मोटारसायकलचा हेल्मेटचा नियम लागत नाही, तरीही ते घालावे. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी सपाट पृष्ठभागावर ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटरच्या आघाताने होते, एवढे ध्यानात ठेवून वेग राखावा.

प्रश्न : मी साधी रोड बाइक, म्हणजे मोटर नसलेली सायकल, चालवतो. कसारा घाट उतरताना माझा वेग पन्नासच्या वर जातो आणि मला कोणी अडवत नाही. मग ई-बाइकवाल्यांनाच पंचवीसचे बंधन का?
— एक सायकलपटू, नाशिकरोड

उत्तर : २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केल्यानंतर नाशिककरांना लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा वाटणारा अभिमान मला ठाऊक आहे, आणि आपला प्रश्न मी त्या आदरानेच घेतो. मोटार वाहन कायद्याच्या वेगमर्यादा मोटार वाहनांना लागू आहेत, हे खरे. परंतु भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्या किंवा स्वारी करणाऱ्या कोणालाही लागू होते, आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सायकलस्वार त्यातून सुटलेला नाही.

मोटरवर बंधन असण्याचे कारण असे की आपला पन्नासचा वेग उतारावर, काही मिनिटांपुरता आणि वर्षांच्या सरावानंतर येतो. मोटर तोच वेग पहिल्याच दिवशी, कोणालाही, भर बाजारात आणि दिवसभर देते. तरीही घाटात आपला धोका कमी नसतो. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे ब्रेक) सतत दाबून ठेवल्यास रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी ठामपणे दाबून सोडावा. पाऊस असेल तर रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेक धरतच नाही. हँडल थरथरू लागले तर ते आवळून धरू नये. गुडघे सायकलच्या सांगाड्याच्या वरच्या नळीला टेकवून हळूहळू वेग उतरवावा. ट्रकच्या मागोमाग उतरू नये, कारण त्याच्या आडचा खड्डा आपल्याला दिसत नाही.