गव्हाणी अजून रिकामीच असू द्या

यंदा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, 29 नोव्हेंबर 2026 पासून 24 डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत, म्हणजे 26 दिवसांचा आहे. या काळाबद्दल नागपूरच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे.

प्रश्न : सात वर्षांत पापनिवेदन केलेलं नाही. नाताळाआधी फादरपुढे जाऊन ते करावं असं फार वाटतं, पण काय बोलायचं ते सुचत नाही आणि भीतीही वाटते. (एक वाचक, सदर)

सर्वात आधी, 24 तारखेची वाट पाहू नका. त्या संध्याकाळी रांग मोठी असते. फादरना प्रत्येकासाठी दोन-तीन मिनिटंच मिळतात, आणि सात वर्षांचं ओझं तेवढ्यात उतरत नाही. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात जा. आधी फोन करून वेगळी वेळ मागा. सात वर्षांनी येणारा माणूस फादरना जड जात नाही, उलट त्याच्यासाठी ते वेळ काढतात.

आदल्या रात्री अर्धा तास एकटे बसा. बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक करून वाचा आणि आठवेल ते चिठ्ठीवर लिहा. गंभीर पाप असेल तर काय केलं आणि साधारण किती वेळा, एवढं सांगावं लागतं. तपशीलवार हकिकत लागत नाही. आत गेल्यावर आधी सांगा, ‘सात वर्षं झाली, मला मदत करा.’ पुढचं फादर विचारून घेतात.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘सगळंच चुकतं हो माझं’ असं मोघम बोलणं. त्यात काहीच सांगितलेलं नसतं. दुसरं म्हणजे स्वतःचं पाप सांगता सांगता जावेचं, सासूचं, साहेबांचं सांगत बसणं. ‘मी भावाशी दोन वर्षं बोललो नाही’ हे पापनिवेदन झालं. भाऊ कसा वागला, हे नाही. एखादं गंभीर पाप खरोखर विसरलात तर त्याचीही क्षमा झालेली असते. आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवलं, तर मात्र सगळंच पापनिवेदन वाया जातं.

भीतीचं म्हणाल, तर ऐकलेलं बाहेर सांगण्याची मुभा फादरना कोणत्याही कारणासाठी नाही. ते गुपित थेट फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधून बहिष्कृत होण्याची शिक्षा आहे. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी पुरं करा, आणि ती चिठ्ठी घरी येऊन फाडून टाका, खिशात ठेवू नका.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची आहेत. आगमनकाळाचं चार मेणबत्त्यांचं रीथ (हिरव्या डहाळ्यांचं कडं) घरी करायचं आहे, पण दरवर्षी दुसऱ्या आठवड्यात उत्साह संपतो. (एक आई, जरीपटका)

उत्साहाआधी बहुधा मेणबत्ती संपते! दर रविवारी एक नवी मेणबत्ती लागते आणि आधीच्याही रोज जळतात; म्हणून पहिली मेणबत्ती 26 संध्याकाळी जळते, दुसरी 19, तिसरी 12 आणि चौथी फक्त 5. रोज दहा मिनिटं धरली तरी पहिलीला चार तासांहून जास्त जळावं लागतं. लाइट गेल्यावर लावतो ती बारीक मेणबत्ती एवढी पुरत नाही. दोन सेंटिमीटर जाडीची, किमान 15 सेंटिमीटर उंचीची घ्या. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, ही रूढ पद्धत. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी लावायची. यंदा तो 13 डिसेंबरला आहे. रंग मिळाले नाहीत तर चारही पांढऱ्या चालतील, रीथसाठी सक्तीचा नियम नाही.

स्टीलच्या परातीत ओली वाळू भरा आणि मेणबत्त्या तीन बोटं खोल रोवा. भोवती मोरपंखीच्या डहाळ्या लावा, आंब्याची पानं चार दिवसांत कडकडीत वाळतात. दर शनिवारी हिरवं बदला आणि ज्योतीपासून चार बोटं दूर ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पेट घेतात ती हीच वाळलेली पानं.

डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास अंधारतं, तेव्हाच दिवे मालवून मेणबत्ती लावा. धाकट्याने लावायची, मोठ्याने वाचायचं. एक उतारा, एक मिनिट शांतता, एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’; बस. आरंभीचा बेत अर्ध्या तासाचा असतो, म्हणून तो मोडतो.

16 डिसेंबरपर्यंत बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, अकराव्या अध्यायापासून सुरुवात करा. 17 पासून चर्चमधल्या वाचनांचा सूर बदलतो. त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ येते. नावं अवघड म्हणून ती गाळू नका. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको या चौघी त्यात का आल्या, हे मुलांना विचारा. बारा वर्षांचं पोर त्यावर बरंच बोलेल. पुढे लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय थोडा थोडा घ्या. योहान बाप्तिस्त्याचे वडील जखऱ्या यांची वाचा जाते आणि मूल जन्मल्यावर परत येते, हे मुलांना फार आवडतं.

प्रश्न : आगमनकाळात मांसाहार बंद ठेवायचा का? (मोहननगर)

ईस्टरआधीच्या उपासकाळासारखं बंधन नाही. शुक्रवार वर्षभर प्रायश्चित्ताचा दिवस आहे. त्या दिवशी मांस वर्ज्य करायचं की दुसरं काही, हे आपल्या फादरना विचारा. यंदा नाताळच शुक्रवारी आहे, पण तो महोत्सव (चर्चचा सर्वोच्च दर्जाचा सण) असल्याने त्या दिवशी मांस वर्ज्य नाही. स्वतःहून काही सोडायचं असेल तर रात्रीच्या जेवणानंतरचा मोबाइल सोडून पाहा, ते जड जातं.

प्रश्न : येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा केव्हा मांडावा? (मानकापूर)

मांडायला केव्हाही मांडा, बाळ येशू मात्र 24 च्या रात्रीच ठेवा. संत फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिल्यांदा जो देखावा मांडला, त्यात गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव होते. घरी रिकामी गव्हाणी ठेवा, शेजारी वाटीभर तणस. कोणी कुणासाठी न सांगता काही केलं, की एक काडी गव्हाणीत टाकायची. ज्याने केलं त्यानेच टाकायची, दुसऱ्याने मोजायची नाही. मोजायला लागले की मुलं भांडतात. तीन राजे लगेच गोठ्यात नकोत. ते कपाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे करा आणि रोज वीतभर पुढे सरकवत जानेवारीतल्या प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे ते बाळ येशूला भेटले त्या सणाला, पोचवा.