मध्यबिंदू रेषेवर आला, तरी प्रतिबिंब चुकलं कसं?

प्रश्न असा आहे: क्ष + २य = ५ या रेषेत (४, ३) चं प्रतिबिंब काढायचं होतं. तुम्ही समीकरणात य = ३ ठेवून क्ष = −१ काढलात, मग क्ष = ४ ठेवून य = १/२ काढलात आणि (−१, १/२) असं उत्तर लिहिलंत. मध्यबिंदू तपासला, तर तो रेषेवरच पडतो. पण पुस्तकातलं उत्तर (२, −१) आहे.

पुस्तक बरोबर आहे. तरीही तुम्ही पडताळा घेतलात याचा मला आनंद झाला, कारण त्यामुळेच हा प्रश्न इतका चांगला झाला आहे.

ही युक्ती तुम्हाला य = क्ष किंवा य = क्ष + २ अशा रेषांच्या उदाहरणांत मिळाली असणार. तिथे ती चालते. य = क्ष + २ मध्ये (१, ७) घेऊन बघा: य = ७ ठेवला की क्ष = ५, क्ष = १ ठेवला की य = ३, आणि (५, ३) हेच खरं प्रतिबिंब आहे. मग तुमच्या रेषेवर ती का फसली?

आलेख कागद घ्या आणि (४, ३) पासून आडवे रेषेपर्यंत जा. तुम्ही (−१, ३) वर पोचता. आता (४, ३) पासूनच उभे खाली या, (४, १/२) वर रेषा भेटते. हे तीन बिंदू आणि तुमचं उत्तर (−१, १/२) मिळून एक आयत होतो, आणि दिलेली रेषा त्या आयताच्या कर्णावरून जाते. म्हणजे तुम्ही प्रतिबिंब काढलंच नाहीत, आयताचा समोरचा कोपरा काढलात. आयताचे कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणून मध्यबिंदू रेषेवर येणारच, मग रेषा कोणतीही तिरकी असो. पण ते कर्ण एकमेकांना लंब असतात ते फक्त चौरसात. तुमच्या आयताच्या बाजू ५ आणि २.५ आहेत. रेषेचा चढ (क्ष १ ने वाढला की य किती बदलतो ते) १ किंवा −१ असला, तरच तो आयत चौरस होतो. चौरस हातरुमाल कर्णावर दुमडला की समोरासमोरची टोकं जुळतात. वहीचं पान तसंच दुमडून बघा, जुळत नाहीत.

म्हणून पडताळे दोन घ्यायचे. मध्यबिंदू रेषेवर हवा, आणि बिंदू व प्रतिबिंब जोडणारा रेषाखंड रेषेला लंब हवा. तुमच्या उत्तरात त्या रेषाखंडाचा चढ १/२ येतो. हवा होता २, कारण रेषेचा चढ −१/२ आहे आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ यावा लागतो.

आता योग्य रीत. चढ २ म्हणजे क्ष १ ने कमी केला, तर य २ ने कमी होतो. (४, ३) वरून असं एक पाऊल टाकलं की (३, १). ३ + २ = ५, म्हणजे रेषा गाठली; हा झाला लंबपाद, म्हणजे बिंदूपासून टाकलेला लंब रेषेला जिथे मिळतो तो बिंदू. तेवढंच आणखी एक पाऊल पलीकडे टाका: (२, −१). इथे एका पावलात रेषा भेटली. दुसऱ्या उदाहरणात अपूर्णांकातली पावलं लागतील, तेव्हा पावलांची संख्या ट मानून (४ − ट, ३ − २ट) सारखा बिंदू समीकरणात ठेवून ट काढायचा आणि मग दुप्पट करायचा. याचं तयार सूत्रही आहे, पण मी मुलांना ते बरंच उशिरा देतो. आधी दिलं की चित्र काढणं बंद होतं.

अक्षांचे नियमही असेच बघा, वेगळे पाठ करू नका. क्ष-अक्षाला लंब म्हणजे उभी दिशा, म्हणून क्ष तसाच राहतो आणि य चं चिन्ह बदलतं. क्ष = ३ या रेषेत (७, २) चं प्रतिबिंब विचारलं की चिन्ह बदलायच्या सवयीने (−७, २) लिहिलं जातं. ७ हा ३ पासून ४ ने उजवीकडे आहे, तर प्रतिबिंब ४ ने डावीकडे: (−१, २).