शब्दशंका : भाजी कापायची की चिरायची?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझ्या चौथीतल्या मुलीने निबंधात 'आई भाजी कापते' असं लिहिलं. वहीत लाल रेघ आली, वर 'चिरते' हा शब्द. 'कापते' खरंच चूक का? मग पगार, रस्ता, केक हे सगळं आपण कापतो ते कसं?
– एक पालक, साखळी

उत्तर : चूक मुळीच नाही. ती लाल रेघ मला आवडली नाही. पण ओढणाऱ्याचा कान शाबूत आहे, हेही मानते.

म्हार्दोळला माझी आई आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून तांबडी भाजी चिरायची. कोथिंबीर खुडायची, नारळ फोडायची, अडकित्त्याने सुपारी कातरायची. कापायची ती इसवण, म्हणजे सुरमई. 'भाजी कापली' तिच्या तोंडी कधी आलं नाही. धारेला धरून बारीक, सारखं करत जायचं ते चिरणं. घाव घालून तुकडा वेगळा करायचा ते कापणं. एवढ्यावरून नियम मात्र करू नका. नीरफणस तीच आदोळीवर चिरायची आणि रवा लावून तव्यावर टाकला की त्याचे 'काप' व्हायचे! घट्ट गऱ्यांचा फणससुद्धा कापा, बिलबिलीत तो बरका.

शेतात भाताची कापणी. आपल्या कोंकणीत तिला लुंवणी म्हणतात, तीही संस्कृत 'लू' म्हणजे कापणे यावरून आलेली.

'कापणे'चं मूळ मला फार आवडतं. प्राकृत 'कप्प', त्यामागे संस्कृत 'कल्प्', म्हणजे नीट करणे, घडवणे. संस्कृतात कल्पक म्हणजे न्हावीही आणि कल्पनी म्हणजे कात्री. आपली 'कल्पना' याच घरातली. शिंपी कापड कापतो तो झगा घडवण्यासाठीच ना?

बाकीचे अर्थ सोपे आहेत. पगार कापला की हातात कमी येतो. रस्ता कापला की पुढचा कमी उरतो. बसचं तिकीट आपण काढतो, निवडणुकीचं कापलं जातं, आणि ज्याचं कापलं त्याला केसाने गळा कापल्यासारखं वाटतं.

एक शब्द मात्र या कुळातला नाही. थंडीने अंग कापतं ते 'कम्प'वरून. पूर्वी ते 'कांपणे' असं लिहीत. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर एकसारखे झाले. मला त्याची अजून चुटपुट लागते, कारण कोंकणीत आपण आजही 'कांपता' नाकातूनच म्हणतो.

मुलीला सांगा, तिचं वाक्य खोडू नको. त्याखाली आणखी चार लिही : घरात कोण काय खुडतं, सोलतं, किसतं, तासतं. आणि तुमच्याकडे त्या विळीला आदोळीच म्हणतात का, तेवढं तिने मला कळवावं.