माणसं घटली, जलवाहिन्या तेवढ्याच

प्रश्न : शहराची लोकसंख्या घटल्यावर पाण्याचं दरडोई बिल वाढतं कसं?

उत्तर : जलवाहिन्यांची लांबी घटत नाही म्हणून. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९५० साली साडेअठरा लाख लोक होते, २०२० मध्ये सुमारे ६.४ लाख उरले. देखभालीचा खर्च आता या उरलेल्यांवर. शिवाय वापर घटल्यावर मोठ्या व्यासाच्या वाहिनीत पाणी रेंगाळतं, जंतू मारणारा क्लोरीन कमी होतो; मग ताजं पाणी पुढे यावं म्हणून टोकाची झडप उघडून शुद्ध केलेलं पाणी चक्क सोडून द्यावं लागतं. सांडपाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरखाली गेला की गाळ बसतो, हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊन वाहिनीचं काँक्रीट झिजतं. उपाय म्हणून जुन्या जलवाहिनीत कमी व्यासाची वाहिनी सरकवता येते, पण आग विझवण्यापुरता प्रवाह उरतो का, ते आधी तपासावं. रिकामी घरं वाहिनीच्या टोकाकडून पाडावीत, म्हणजे तेवढी वाहिनी बंद करता येते. मधली पाडली तर काहीच वाचत नाही. अर्थात टोकाला राहणाऱ्यांना हलवणं, हेच सगळ्यात अवघड.