2022-23 मध्ये एवढी आघाडी असताना आर्सेनलने इंग्लंडची फुटबॉल प्रीमियर लीग कशी घालवली? संघाने कच खाल्ली का?

तुमचा प्रश्न वाचला आणि त्या एप्रिलमधल्या रात्री पुन्हा डोळ्यांसमोर आल्या. तुमचं म्हणणं असं की आठ गुणांनी पुढे असलेला संघ शेवटी पाच गुणांनी मागे पडतो, म्हणजे ऐन वेळी त्याने कच खाल्लीच. मी 2006 पासून आर्सेनलची जमेल ती प्रत्येक मॅच बघत आलोय, त्यामुळे तटस्थ नाही. कच खाल्ली हे मला मान्य आहे. पण कुठे आणि का, याबद्दल जे सांगितलं जातं ते मला पटत नाही.

बहुतेक जण 26 एप्रिलकडे बोट दाखवतात. त्या रात्री मँचेस्टर सिटीने आपल्या मैदानावर, एतिहादवर, आर्सेनलला 4-1 ने हरवलं. मला विचाराल तर किताब त्याच्या दहा दिवस आधी, 16 एप्रिलच्या रविवारी, वेस्ट हॅमच्या मैदानावर हातातून गेला. आणि त्याचं मूळ आणखी महिनाभर मागे, 16 मार्चच्या एका दुखापतीत आहे.

तो संघ किती चांगला खेळत होता हे आधी लक्षात घ्या. निम्म्या हंगामात, म्हणजे 19 मॅचमध्ये, 50 गुण. फेब्रुवारीत सिटीने आर्सेनलच्या घरच्या मैदानावर, एमिरेट्सवर, येऊन 3-1 ने हरवलं, त्यानंतर याच मुलांनी लीगमध्ये सलग सात मॅच जिंकल्या. त्यातली बोर्नमथविरुद्धची तर 0-2 ने मागे असताना, रीस नेल्सनने 97व्या मिनिटाला मारलेल्या गोलवर. 1 एप्रिलला लीड्सला 4-1 ने हरवलं तेव्हा 29 मॅचमध्ये 72 गुण होते. सिटीचे 64, पण त्यांची एक मॅच बाकी होती. पुढच्या नऊ मॅचमध्ये आर्सेनलला 27 पैकी 12 गुण मिळाले. सगळी पडझड या एका आकड्यात आहे.

आता 16 मार्च. युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या मॅचमध्ये पहिल्या वीसेक मिनिटांत आधी तोमियासू आणि मग मधला बचावपटू (सेंटर बॅक) सलिबा जखमी होऊन बाहेर गेले. सलिबाची पाठ धरली होती. तोपर्यंत तो लीगच्या 27 पैकी 27 मॅच खेळला होता. त्या 27 मॅचमध्ये आर्सेनलने 25 गोल खाल्ले, तो नसलेल्या शेवटच्या 11 मध्ये 18. सलिबा मागे असला की सगळी बचावफळी बिनधास्त मध्यरेषेपर्यंत वर जायची, कारण पाठीमागे बॉल पडला तरी तो धावत जाऊन गाठायचा. त्याच्या जागी आलेला रॉब होल्डिंग प्रामाणिक खेळाडू होता, पण त्याच्याकडे तो वेग नव्हता. त्यामुळे फळी मागे सरकली, मधल्या फळीशी असलेलं अंतर वाढलं आणि बॉल गेला की परत मिळवायला वेळ लागू लागला. सलिबाशिवायच्या पहिल्या दोन मॅच आर्सेनलने 4-1, 4-1 अशा जिंकल्या आणि ही फट झाकली गेली. आम्हा चाहत्यांनाही वाटलं, निभावतंय.

9 एप्रिलला लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, निभावलं नाही. 28व्या मिनिटाला 2-0 ने पुढे, आणि शेवट 2-2. तिथे आर्सेनलचा झाका आणि लिव्हरपूलचा अलेक्झांडर-आर्नल्ड यांची झटापट झाली, प्रेक्षक पेटले आणि लगेच सालाहने गोल केला. म्हणून सगळं खापर झाकावर फोडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. लीगमध्ये आर्सेनल त्या मैदानावर 2012 नंतर जिंकलेलं नव्हतं. सालाहची पेनल्टी बाहेर गेली आणि शेवटी आपला गोलकीपर रॅम्सडेलने दोन अफाट बचाव केले, नाहीतर तो एक गुणही मिळाला नसता. अॅनफिल्डवर ड्रॉ झाला म्हणून कोणी किताब गमावत नाही.

वेस्ट हॅमची मॅच वेगळी होती. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली. दहाव्या मिनिटाला 2-0, हेसूस आणि ओडेगार्ड. पासिंग इतकं देखणं की वेस्ट हॅमवाले नुसते बघत होते. आणि तिथेच मुलं सैलावली. तिसऱ्या गोलसाठी धडपडायच्या ऐवजी बॉल इकडून तिकडे फिरवत बसली. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत मोठा झालोय. दोन गोलांनी पुढे असलेला संघ शोभेचं खेळायला लागला की आमच्याकडे गॅलरीतून ओरडा सुरू होतो. त्या संध्याकाळी मी घरात एकटाच टीव्हीसमोर तसा ओरडत होतो. आर्सेनलचा थॉमस पार्टी बॉल पायात घेऊन रेंगाळला, वेस्ट हॅमच्या डेक्लन राईसने तो काढून घेतला, पुढे गॅब्रिएलने पाकेटाला पाडलं आणि बेनरामाने पेनल्टी मारली, 2-1. (हाच राईस त्या उन्हाळ्यात आर्सेनलमध्ये आला.)

52व्या मिनिटाला आर्सेनलला पेनल्टी मिळाली. साका. 21 वर्षांचा मुलगा, सबंध हंगाम संघाला खांद्यावर घेऊन धावलेला. त्याने मारलेला बॉल पोस्टच्या बाहेरून गेला. हात डोक्याला लावून तो तिथेच थांबला, आणि कॅमेरा त्याच्यावरून हटून दोन मिनिटं होतात न होतात तोच बोवेनने दुसऱ्या टोकाला गोल केला. 3-1 च्या जागी 2-2. त्यानंतर आर्सेनलचं अवसानच गळालं. तोपर्यंत पायांना जे आपोआप जमत होतं, त्यासाठी आता डोकं चालवावं लागत होतं. सलग दुसऱ्यांदा दोन गोलांची आघाडी सुटली होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर 'पुन्हा?' हा एकच प्रश्न दिसत होता.

त्या प्रश्नाचं उत्तर पाच दिवसांनी मिळालं. साउदम्प्टन, टेबलमध्ये सगळ्यात खाली. मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, स्वयंपाकघरात रसासाठी आंबे काढून ठेवलेले, घरात सगळे झोपलेले. आवाज बंद करून टीव्ही लावला आणि मोबाईल चार्जिंगला लावायला वळलो. परत बघतो तर साउदम्प्टनचे खेळाडू नाचतायत. 28 सेकंद झाले होते. रॅम्सडेलने पास थेट अल्काराझच्या पायात दिला होता. मग 14व्या मिनिटाला थिओ वॉलकॉट, ज्याला आम्ही बारा वर्षं आमचा म्हणून बघितलं, त्याने दुसरा मारला. 88व्या मिनिटापर्यंत 1-3. तिथून ओडेगार्ड आणि साकाने 3-3 केलं, ट्रोसार्डचा फटका क्रॉसबारवर आदळला. जी पोरं हार मानत नव्हती त्यांना भित्रं म्हणवत नाही मला. तो ड्रॉ बघून मी रडलो.

सिटीबद्दल थोडक्यात. ते लीगमध्ये सलग 12 मॅच जिंकले. एतिहादवर पहिल्या सात मिनिटांत हालंडने होल्डिंगला पाठीवर घेऊन बॉल डी ब्रॉयनेला दिला आणि गोल झाला. सलिबा नसण्याची किंमत त्या एका चित्रात दिसते. पुढे आर्सेनलने चेल्सी आणि न्यूकॅसलला हरवलं, पण घरच्या मैदानावर ब्रायटनने 3-0 ने हरवलं आणि 20 मे रोजी आर्सेनल नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 1-0 ने हरल्यावर सिटी अधिकृतपणे विजेते झाले. 248 दिवस टेबलच्या माथ्यावर राहून आर्सेनल दुसरं.

मग कच खाल्ली का? वेस्ट हॅमविरुद्ध, हो. 2-0 नंतर तिसरा गोल करण्याची भूक कमी पडली, हा दोष संघाचाच. पण राखीव सेंटर बॅक त्याच दर्जाचा नसणं हा दोष संघबांधणीचा होता, आणि तो त्या मुलांच्या काळजावर टाकू नये. त्यांचे शेवटी 84 गुण झाले, 2003-04 च्या अजिंक्य हंगामानंतरचे तोवरचे सर्वाधिक. लेस्टर 2016 मध्ये 81 वर विजेते झाले होते.

28 मे रोजी एमिरेट्सवरची वुल्व्ह्जविरुद्धची शेवटची मॅचही मी बघितली. 5-0. पहिले दोन्ही गोल झाकाचे. 2019 मध्ये याच मैदानावर आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर चिडून उलट उत्तर दिलं म्हणून ज्याचं कर्णधारपद गेलं, तो झाका. क्लबकडून त्याची ती शेवटची मॅच होती. तो बाहेर जाताना अख्खं स्टेडियम उभं राहिलं.